क्रेन वाढवल्या म्हणून जहाज लवकर सुटत नाही: सिंगापूर बंदर, मे २०२४ चं प्रकरण

मे २०२४ च्या शेवटी सिंगापूरला कंटेनर जहाजांना धक्क्याला लागण्याआधी सरासरी दोन ते तीन दिवस बाहेर नांगर टाकून थांबावं लागत होतं, आणि बाजारावर नजर ठेवणाऱ्या काही लोकांचे आकडे तर सात दिवसांपर्यंत गेले होते. हे जगातलं दोन नंबरचं कंटेनर बंदर. इथे १९८८ पासून सिटॉस नावाच्या सिस्टिमवर जहाज, यार्ड (उतरलेले कंटेनर ठेवायची बंदरातली जागा) आणि क्रेन ह्यांचं प्लॅनिंग कॉम्प्युटरने होतं, आणि "सिंगापूरला पोचलो की बर्थ मिळतोच" (बर्थ म्हणजे जहाज लावायची धक्क्यावरची जागा) ह्या भरवशावर सगळ्या मोठ्या शिपिंग लाइन्सनी आपली अख्खी वेळापत्रकं बांधलेली आहेत. अशा ठिकाणी रांग लागली की बाहेरून बघणाऱ्याला पहिला प्रश्न हाच पडतो, की मग जास्त क्रेन लावा ना, प्रॉब्लेम काय आहे.

ह्याच प्रश्नासाठी हे प्रकरण मला नीट उलगडून बघावंसं वाटलं. माझं म्हणणं असं आहे, की तिथे क्रेनची संख्या हा मुद्दा जवळजवळ नव्हताच. क्रेनचं वेळापत्रक दोन ठिकाणी ठरतं, एक म्हणजे जहाजाने आधीच्या बंदरात माल कसा रचला तिथे आणि दुसरं म्हणजे आपल्या यार्डात किती जागा रिकामी आहे तिथे, आणि त्या मे महिन्यात ही दोन्ही ठिकाणं एकदम बिघडली. पीएसएने, म्हणजे सिंगापूरची टर्मिनल्स चालवणाऱ्या कंपनीने, जे उपाय केले ते बघितले तर त्यांनाही नेमकं हेच दिसलं होतं असं वाटतं.

आधी हे झालं कसं ते थोडक्यात. १९ नोव्हेंबर २०२३ ला लाल समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांनी गॅलक्सी लीडर हे गाड्या वाहणारं जहाज पळवलं (ते आपल्याच गुजरातेतल्या पिपावावला येत होतं), आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत बहुतेक मोठ्या कंटेनर लाइन्सनी सुएझ सोडून आफ्रिकेच्या टोकाच्या केप ऑफ गुड होपला वळसा घालायला सुरुवात केली. आशिया ते युरोप एका बाजूला साधारण दहा ते चौदा दिवस वाढले. आपल्याकडे ह्याची झळ नाशिकच्या द्राक्षवाल्यांना २०२४ च्या सुरुवातीलाच बसली, ऐन हंगामात रॉटरडॅमचा प्रवास लांबला आणि भाडंही वाढलं. पण सिंगापूरला झळ थोडी उशिरा आणि वेगळ्या रूपात पोचली.

वळसा लांबला की जहाजं उशिरा येतात एवढंच होत नाही, ती गठ्ठ्याने येतात. सोमवारचं जहाज गुरुवारी येतं, बुधवारचंही गुरुवारीच येतं आणि गुरुवारचं तर येणारच असतं. सिंगापूरच्या वाहतूक मंत्र्यांनी तेव्हा सांगितलेला आकडा असा होता की २०२३ मध्ये सरासरी ७७ टक्के कंटेनर जहाजं वेळापत्रकाबाहेर येत होती, ती २०२४ मध्ये साधारण ९० टक्क्यांवर गेली. प्रत्येक लाइनला आठवड्यातला ठरलेला वार आणि तास दिलेला असतो, त्याला विंडो म्हणतात, आणि बर्थ प्लॅनिंगचा सगळा डोलारा त्या विंडोवर उभा असतो. दहातली नऊ जहाजं विंडोबाहेर आली तर बर्थ प्लॅनरसमोरचा तक्ता नुसता भिंतीवर लावायला उरतो, रोज सकाळी नव्याने मांडायला बसावं लागतं.

त्यात लाइन्सनी अजून एक गोष्ट केली, आणि त्यांच्या बाजूने ती बरोबरच होती. उशीर भरून काढायला काहींनी पुढच्या फेऱ्या गाळल्या, आणि पुढच्या बंदरांचा माल सिंगापूरलाच उतरवला, की इथून दुसऱ्या जहाजाने जाईल. सिंगापूरच्या सागरी आणि बंदर प्राधिकरणाने ३० मे २०२४ च्या आसपास जे निवेदन दिलं त्यात हे स्पष्ट होतं, की एकेका जहाजावर हाताळायच्या कंटेनरची संख्याच वाढली आहे. वर्षाच्या पहिल्या चार महिन्यांत १ कोटी ३३ लाख ६० हजार टीईयू (वीस फुटी एक कंटेनर म्हणजे एक टीईयू) झाले, आधीच्या वर्षाच्या त्याच काळापेक्षा ८.८ टक्के जास्त.

आता ह्या एका आकड्याशी जरा थांबा. २०२४ लीप वर्ष होतं, जानेवारी ते एप्रिल १२१ दिवस, म्हणजे साधारण १७.३ आठवडे. भागाकार केला तर आठवड्याला ७ लाख ७२ हजारच्या आसपास येतात. आणि उपाययोजना जाहीर करताना पीएसएची आठवड्याची क्षमता किती सांगितली गेली? ७ लाख ७० हजार, जी वाढवून ८ लाख २० हजार करायची होती. देशाच्या आकड्यात दुसरीकडचा थोडाफार मालही धरलेला असतो हे मान्य, पण चित्र बदलत नाही. गर्दीचा आठवडा सोडाच, चार महिन्यांची सरासरीच क्षमतेला टेकली होती. सरासरी क्षमतेला टेकली की रांग लागते, कारण जहाजं सरासरीने येत नाहीत, गठ्ठ्याने येतात, आणि मंगळवारी रिकामा गेलेला बर्थ गुरुवारसाठी साठवून ठेवता येत नाही.

क्रेनचा हिशोब

टर्मिनलवर न गेलेल्या माणसाला क्रेनचं शेड्युलिंग म्हणजे मजूर वाटून देण्यासारखं काम वाटतं, जास्त माणसं लावली की काम लवकर संपेल. धक्क्यावरची क्रेन तशी नसते. ती रुळांवर चालते आणि सगळ्या क्रेन एकाच रुळांवर असतात, त्यामुळे एक क्रेन दुसरीला ओलांडून पुढे जाऊ शकत नाही. शिवाय एका क्रेनची रुंदी बफरसकट साधारण २७ मीटर भरते आणि जहाजावरचा चाळीस फुटी कंटेनरचा एक बे, म्हणजे कंटेनरची एक आडवी ओळ, मधल्या फटीसकट १४-१५ मीटरचा, म्हणजे शेजारशेजारच्या दोन बेवर दोन क्रेन एकाच वेळी बसतच नाहीत, मध्ये किमान एक बे सोडावा लागतो.

हे लक्षात ठेवून एक जहाज घेऊ. आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, कुठल्याही एका खऱ्या जहाजाचे नाहीत, पण प्रमाण खऱ्यासारखं आहे. ३६६ मीटरचं जहाज, नेहमीच्या आठवड्यात सिंगापूरला २००० मूव्ह करतं (उतरवणं आणि चढवणं मिळून), पाच क्रेन लावल्यात आणि एक क्रेन तासाला २८ मूव्ह करते. सगळं समान वाटलं गेलं असतं तर प्रत्येकीला ४०० मूव्ह आले असते, पण माल कधीच समान पसरलेला नसतो, सगळ्यात जास्त भार आलेल्या क्रेनकडे ४५० मूव्ह आले असं धरू. हिला लाँग क्रेन म्हणतात. ४५० भागिले २८, सोळा तास. बाकीच्या चौघी चौदा तासांच्या आत मोकळ्या होतील, पण जहाज सुटणार सोळा तासांनीच.

आता मे २०२४ सारखी परिस्थिती घ्या. तेच जहाज, पण लाइनने पुढच्या बंदराचाही माल इथेच उतरवायचं ठरवलंय, मूव्ह झाले ३२००. हा जास्तीचा माल जहाजावर कुठे असतो? तो चढवताना "पुढच्या बंदराचा" म्हणून एकत्र रचलेला असतो, कारण चांगलं स्टोवेज, म्हणजे जहाजावर माल रचण्याचं प्लॅनिंग, तसंच करतं, एका बंदराचा माल एकाजागी ठेवा म्हणजे तिथे पटापट निघेल. त्या बंदरात तो इतर बंदरांच्या मालापासून वेगळा, हिशोबात बसणारा असतो, पण सिंगापूरच्या प्लॅनमध्ये तो अचानक दोन शेजारच्या बेमध्ये डोंगर होऊन बसतो. समजा त्या दोन बेमध्ये मिळून ८४० मूव्ह आले. दोन्ही बे शेजारी असल्यामुळे तिथे एकावेळी एकच क्रेन काम करणार. ८४० भागिले २८, तीस तास. उरलेले २३६० मूव्ह चार क्रेनमध्ये वाटले तर प्रत्येकी ५९०, म्हणजे एकवीस तास.

इथे सहावी क्रेन लावून बघा. उरलेलं काम पाच जणींत वाटलं जाईल, एकवीसऐवजी सतरा तासांत संपेल. आणि जहाज कधी सुटेल? तीस तासांनीच! सातवी लावा, तीसच. ह्यात सॉफ्टवेअरचा दोष नाही की प्लॅनरचा आळस नाही. जहाज चीनमधल्या कुठल्या तरी बंदरातून निघालं तेव्हाच हे तीस तास ठरून गेलेले असतात.

थोडाफार इलाज असतो, नाही असं नाही. ट्विन लिफ्ट करता आली, म्हणजे वीस फुटी दोन कंटेनर एकदम उचलता आले, तर मूव्ह कमी होतात. एका बेमध्ये रिकामी जागा झाली की डुअल सायकल करता येतं, म्हणजे जाताना एक उतरवलेला घेऊन जायचा आणि येताना चढवायचा घेऊन यायचा, रिकामी फेरी वाचते. पण हॅचच्या (डेकमधल्या झाकणाच्या) खालच्या मालाला हात लावायचा तर आधी डेकवरचं सगळं निघायला हवं, लॅशिंग (कंटेनर बांधलेले दांडे) सुटायला हवं, हॅच कव्हर उचलून धक्क्यावर ठेवायला हवं. शिवाय जहाजाचा तोल असतो, पुढचा भाग एकदम रिकामा करून मागचा भरलेला ठेवला तर ट्रिम, म्हणजे पुढच्या-मागच्या टोकांचा समतोल, बिघडतो, सांगाड्यावर ताण येतो, चीफ ऑफिसर सही करणार नाही. म्हणजे जे काही वाचतं ते तासा-दोन तासांचं. सोळाचे तीस झालेत, त्यापुढे हे काहीच नाही.

आणि सोळाचे तीस झाले म्हणजे त्या बर्थवर दिवसाआड येणारं पुढचं जहाज बाहेर थांबलं, आणि ते थांबलं म्हणून त्याच्यावर जाणारा माल यार्डातच राहिला.

खरी गोष्ट इथून सुरू होते.

यार्ड

सिंगापूरमधला बहुतांश माल सिंगापूरचा नसतोच. तो एका जहाजातून उतरतो, यार्डात काही दिवस राहतो आणि दुसऱ्या जहाजावर चढतो, ह्याला ट्रान्सशिपमेंट म्हणतात, आणि सिंगापूरला त्याचं प्रमाण प्रचंड आहे. आपल्या न्हावा शेवाला आयात कंटेनर गेटमधून नाहीतर रेल्वेने बाहेर निघून जातो, यार्ड तुंबलं तर निदान आयातदाराच्या मागे लागता येतं, बाहेरच्या सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात) ढकलता येतं. ट्रान्सशिपमेंटच्या कंटेनरला बाहेरचा दरवाजाच नाही. त्याचा बाहेर जायचा रस्ता एकच, दुसरं जहाज, आणि तेच जहाज उशिरा आहे. उशीर दोन्ही बाजूंनी मारतो, आणणारं जहाज गठ्ठ्याने येऊन जास्त ओतून जातं आणि नेणारं जहाज तीन दिवस बाहेर नांगरून बसलेलं असतं.

एक ढोबळ हिशोब करू. आठवड्याला ७ लाख ७० हजार टीईयू धक्क्यावरून जातात, पण ट्रान्सशिपमेंटचा कंटेनर त्यात दोनदा मोजला जातो, उतरताना एकदा आणि चढताना एकदा. सगळाच माल तसा धरला तर यार्डात येणारे निम्मे, ३ लाख ८५ हजार, म्हणजे दिवसाला ५५ हजार. आता प्रत्येक कंटेनर सरासरी एकच दिवस जास्त राहिला तर यार्डात ५५ हजार टीईयूची जादा जागा लागते. दोन दिवस जास्त राहिला तर १ लाख १० हजार. पाच उंच रचले तरी जमिनीवर २२ हजार वीस-फुटी चौकोन, आणि हे सगळं एकही जादा कंटेनर न येता, फक्त थांबल्यामुळे. माल ८.८ टक्के वाढला तो ह्याच्या वर. म्हणून मी म्हणतो की धक्क्यावरची रांग सगळ्यांना दिसली, पण कोंडी यार्डात होती.

यार्ड भरलं की नुसती जागा जाते असं नाही, क्रेनचा वेग जातो. कंटेनर एकावर एक रचलेले असतात आणि लागणारा कंटेनर वर असेलच असं नाही, लग्नघरात गाद्यांच्या ढिगातली नेमकी खालची गादी हवी असते तसं होतं, वरच्या चार काढून ठेवायच्या, ती ओढायची, परत रचायच्या. ह्याला रीहँडल म्हणतात आणि ह्याचे पैसेही कोणी देत नाही. यार्ड साधारण ८० टक्क्यांपर्यंत भरलेलं असेल तोवर हे आटोक्यात असतं, त्यापुढे रीहँडल भराभर वाढतात, कारण वरच्या चार गाद्या ठेवायला रिकामी जागाच उरत नाही.

ट्रान्सशिपमेंट बंदरात म्हणून एक पद्धत वापरतात, ती मला फार आवडते. कंटेनर कुठून आला ते बघायचं नाही, तो कुठल्या जहाजावर जाणार ते बघायचं आणि एकाच जहाजावर जाणारे सगळे एका ठरलेल्या ब्लॉकमध्ये एकत्र ठेवायचे. मग ते जहाज आलं की यार्ड क्रेनने नुसतं वरून वरून उचलत जायचं, शोधाशोध नाही, उकराउकर नाही, धक्क्यावरच्या क्रेनला एकसारखा माल मिळत राहतो. नेहमीच्या दिवसांत ह्याच्यासारखं सुंदर काही नाही. पण ही पद्धत पूर्णपणे एका गोष्टीवर उभी आहे, नेणारं जहाज कधी येणार हे माहीत असण्यावर. ते जहाज पाच दिवस लांबलं तर त्याच्यासाठी राखलेला ब्लॉक पाच दिवस जास्त अडकतो. आणि लाइनने ती फेरीच गाळली तर त्या ब्लॉकमधले शेकडो कंटेनर आता तीन वेगळ्या जहाजांवर जाणार, म्हणजे व्यवस्थित रचलेला ब्लॉक एका इमेलने विस्कळीत ढीग होतो, कंटेनर एक इंचही न हलता.

ह्याचा परत क्रेनवर परिणाम बघा. वरच्या उदाहरणातली लाँग क्रेन, तासाला २८ मूव्ह धरले होते. यार्डात ट्रेलर उभे आहेत कारण यार्ड क्रेन उकरत बसलीय, तोवर धक्क्यावरची क्रेन स्प्रेडर (कंटेनर उचलायची चौकट) लटकवून थांबलीय. वेग २८ चा २२ झाला असं धरा. ८४० भागिले २२, अडतीस तास. सोळाचं जहाज तीसवर गेलं ते स्टोवेजमुळे आणि तीसचं अडतीसवर गेलं ते यार्डामुळे. आता इथे सहावी क्रेन लावली तर उलट नुकसान होतं, कारण प्रत्येक धक्का-क्रेनला पाच-सात ट्रेलर आणि यार्डात एक-दोन क्रेन लागतात, ते कुठून येणार, आधीच्या पाच क्रेनकडून काढूनच. त्यात दोन धक्का-क्रेनचा माल एकाच ब्लॉकमधून निघत असला तर दोघीही अर्ध्या वेगाने चालणार. चांगला प्लॅनर क्रेन कमी लावतो पण सिक्वेन्स असा बांधतो की एक क्रेन ह्या ब्लॉकमधून खेचत असताना दुसरी भलत्याच टोकाच्या ब्लॉकमधून खेचेल. यार्ड भरलेलं असताना असा सिक्वेन्स बांधायला पर्यायच कमी उरतात.

अजून एक सापळा असतो, त्याला कट अँड रन म्हणतात. रांग वाढली की जहाजाच्या मॅनेजरला घाई होते, "चढवायचे तीनशे राहिले तर राहू देत, मी निघतो". बर्थ सहा तास लवकर मोकळा होतो, बर्थच्या रिपोर्टमध्ये छान दिसतं. पण ते तीनशे यार्डात राहिले, त्यांच्यासाठी नवीन जहाज शोधायचं, नवीन ब्लॉक द्यायचा, आणि पुढच्या आठवड्याचं यार्ड आजच थोडं भरलं. माझ्या मते अशा कोंडीत कट अँड रनला मोकळेपणाने परवानगी देणं ही सगळ्यात महाग सवलत आहे. आजचा बर्थ वाचतो तो उद्याच्या सगळ्या क्रेनच्या वेगातून.

पीएसएने काय केलं

जाहीर झालेल्या उपायांमध्ये मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो केपेल टर्मिनलचा. सिंगापूरची जुनी शहरी टर्मिनल्स, तान्जोंग पागार, केपेल, ब्रानी, ही टप्प्याटप्प्याने बंद होऊन पश्चिम टोकाच्या तुआसला जायची आहेत, शहरातल्या टर्मिनल्सची मुदत २०२७ पर्यंतची. तान्जोंग पागारचं तर काम आधीच थांबलेलं होतं, जिथे २३ जून १९७२ ला निहोन हे सिंगापूरचं पहिलं कंटेनर जहाज तीनशे कंटेनर घेऊन लागलं होतं. केपेलचे काही बर्थ आणि यार्ड अशाच कारणाने आधी वापरातून काढले होते. पीएसएने ते परत चालू केले. त्याच्या जोडीला माणसं वाढवली आणि तुआसला आधीच्या आठ बर्थवर त्याच वर्षात आणखी तीन सुरू करायचं जाहीर केलं. ह्या सगळ्याने आठवड्याची क्षमता ८ लाख २० हजारवर जाणार होती.

निवेदनात बर्थ आणि यार्ड हे शब्द बरोबरीने आले होते. पण मघाचा हिशोब आठवा, एक दिवसाच्या उशिराला ५५ हजार टीईयू जागा. केपेलचे जुने बर्थ आजच्या ४०० मीटरच्या जहाजांच्या मानाने काही खास नाहीत, ती जहाजं तिथे न्यायची म्हणून कोणी ते उघडलं नसावं. पण तिथलं यार्ड म्हणजे फरसबंद केलेली, खुणा मारलेली, दिवे असलेली जमीन, तीही बंदराच्या आत. असं यार्ड नवीन बांधायला वर्षं जातात. तिथे उशिराच्या जहाजांचा माल नेऊन ठेवला, छोटी फीडर जहाजं तिकडे वळवली, की मोठ्या टर्मिनलचं यार्ड परत हलतं होतं, आणि यार्ड हलतं झालं की आहे त्याच क्रेनचा वेग २२ चा परत २८ होतो. क्रेनची क्षमता वाढवायचा हाच सगळ्यात जलद रस्ता होता, आणि त्यात एकही नवी क्रेन लागत नाही.

ह्याला किंमत होतीच. सिंगापूरचं बंदर एकसलग नाही, शहराजवळचं केपेल आणि पश्चिमेचं तुआस ही बेटाची दोन वेगळी टोकं आहेत. केपेलला उतरलेला कंटेनर तुआसच्या जहाजावर जायचा असेल तर तो रस्त्याने नाहीतर बार्जने न्यावा लागतो, म्हणजे आणखी दोनदा उचलणं-ठेवणं, आणखी ट्रेलर, आणखी ड्रायव्हर. म्हणून जुनं यार्ड उघडताना पहिला प्रश्न "किती जागा आहे" हा नसतो, "इथे कुठला माल ठेवला तर तो इथूनच पुढे जाईल" हा असतो. बर्थ प्लॅनिंग आणि यार्ड प्लॅनिंग वेगळ्या खोल्यांत बसून करणाऱ्या टर्मिनलला हे जमणार नाही. जहाज कुठल्या टर्मिनलला लावायचं हे त्याच्या लांबीवरून ठरत नाही, त्याच्यावर चढणारा माल आत्ता कुठे पडलाय त्यावरून ठरायला हवं.

माणसं वाढवण्याचा उपाय आवश्यक होता पण त्याच्याकडून लगेच फार अपेक्षा करू नये. धक्क्यावरच्या क्रेनचा ऑपरेटर पंधरा दिवसांत तयार होत नाही. यार्डातल्या आणि ट्रेलरच्या माणसांचं मात्र जमू शकतं, आणि टंचाई तिथेच असल्यामुळे त्याचा फायदाही जास्त होतो.

तुआसबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. तिथे ड्रायव्हर नसलेल्या गाड्या आणि ऑटोमेटेड यार्ड क्रेन आहेत, २०४० च्या दशकात ६ कोटी ५० लाख टीईयूची क्षमता करायची योजना आहे, आणि अशा संकटात नव्याच्या तोऱ्यात जुनं तोडून टाकायची घाई बऱ्याच बंदरांनी केली असती. केपेलची जमीन शहराला लागून आहे, तिची किंमत काय असेल विचार करा. ती घाईने बिल्डरच्या ताब्यात गेली नव्हती, म्हणून मे महिन्यात ती हाताशी होती. माझ्या दृष्टीने ह्या प्रकरणातला सगळ्यात चांगला प्लॅनिंगचा निर्णय २०२४ मध्ये झालाच नाही, तो त्याआधी कधीतरी झाला जेव्हा कोणीतरी ठरवलं की वापरातून काढलं तरी लगेच उखडायचं नाही.

जे मला कमी वाटलं ते लाइन्सच्या बाजूचं. क्षमता साडेसहा टक्के वाढली आणि माल ८.८ टक्के वाढलेला होता, उरलेलं अंतर फक्त माहितीने भरून निघू शकतं. लाइनला एखादी फेरी गाळायची हे जहाज पोचायच्या किती आधी ठरलेलं असतं! तो निर्णय टर्मिनलला आठवडाभर आधी कळला तर प्लॅनर ते कंटेनर उतरतानाच नव्या जहाजाच्या ब्लॉकमध्ये टाकेल, दोन दिवस आधी कळला तर ते आधीच चुकीच्या ब्लॉकमध्ये जाऊन बसलेले असतील. तेच स्टोवेजचं. जास्तीचा माल सिंगापूरला उतरवायचाय हे चढवतानाच ठरलं असेल तर तो दोन शेजारच्या बेमध्ये न रचता चार वेगळ्या ठिकाणी पसरता येतो, आणि आपल्या उदाहरणातली ८४० ची लाँग क्रेन ६५० वर येते, तीसचे तेवीस तास होतात. सिंगापूरच्या धक्क्यावर काहीही न बदलता सात तास वाचले. टर्मिनलने विंडो देताना, दरात सूट देताना ह्याची अट घालायला हवी असं मला ठामपणे वाटतं, की आधी खरी माहिती द्या, आधी बर्थ घ्या. नाहीतर विंडो पाळणारी ती दहा टक्के जहाजं शिक्षा भोगतात आणि पुढच्या वेळी तीही पाळत नाहीत.

वर्ष संपलं तेव्हा सिंगापूरने ४ कोटी ११ लाख २० हजार टीईयू केले होते, तोवरचा विक्रम. रांगेच्या काळात सिंगापूर टाळून जाणाऱ्यांनी मलेशियाच्या पोर्ट क्लांगला गर्दी केली तर तिथेही जहाजं थांबायला लागली, म्हणजे शेजारी जाऊन सुटका होण्यासारखी ती वेळ नव्हती.

आपल्याकडच्या प्लॅनर मंडळींसाठी ह्यात किती घेण्यासारखं आहे? पीएसएचंच टर्मिनल न्हावा शेवाला २०१८ पासून चालू आहे, आणि २०२५ मध्ये दुसरा टप्पा झाल्यावर त्याचा धक्का २००० मीटरचा आणि क्षमता ४८ लाख टीईयूची झाली. पण न्हावा शेवाचा माल मुख्यतः इथलाच, येणारा नाहीतर जाणारा, ट्रान्सशिपमेंट थोडंच. त्यामुळे लाँग क्रेनचा हिशोब जसाच्या तसा लागू आहे, यार्डाचा मात्र वेगळा. इथे निर्यातीचे कंटेनर जहाजाच्या आधी काही दिवस गेटमधून आत येतात, आणि जहाज चार दिवस लांबलं हे निर्यातदाराला वेळेत कळलं नाही तर ते कंटेनर चार दिवस आधीच येऊन यार्ड अडवतात. मग गेट कधी उघडायचं ही तारीख जहाजाच्या जुन्या वेळापत्रकाला न बांधता खऱ्या ईटीएला (पोचायच्या अंदाजे वेळेला) बांधायची, आणि ती बदलली की निर्यातदाराला, ट्रान्सपोर्टवाल्याला त्याच दिवशी कळवायचं. आयातीच्या बाजूला रेल्वेने जाणारा माल वेगळ्या ब्लॉकमध्ये गाडीप्रमाणे रचायचा, सिंगापूर जसं जहाजाप्रमाणे रचतं तसं, आणि गाडी चुकली तर तो ब्लॉक दुसऱ्या दिवशी धक्क्याजवळ राहणार नाही ह्याची व्यवस्था आधीच ठेवायची. जहाजं गठ्ठ्याने यायला लागली की क्रेनचा प्लॅन उघडण्याआधी ह्या दोन याद्या उघडायच्या, आत किती आहे आणि त्यातलं उद्या किती बाहेर जाणार आहे, आणि त्यावरून क्रेन पाच लावायच्या की चार हे ठरवायचं.